साडेचारची गाडी

"पुढं वाच," देवस्थळी सर म्हणाले.

मी वहीतून मान वर केली नाही. वाचायची अजून अडीच पानं उरली होती. फक्त ती सरांची नव्हती.

"शालन, घसा बसलाय का? पाणी पाहिजे तर काकूंकडून घे."

"नको सर," मी म्हणाले, आणि वाचायला लागले. दुसरं काय करणार होते?

ही १९७८ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. मी एकवीस वर्षांची होते आणि कराडच्या सोमवार पेठेत सरांच्या घरी रोज सकाळी नऊ ते बारा त्यांची कादंबरी उतरवून घ्यायला जात होते. नरहर देवस्थळी हे नाव तेव्हा वाचनालयात जाणाऱ्या कुणालाही माहीत होतं. अकरा कादंबऱ्या त्यांच्या नावावर होत्या. बारावी चालू असताना त्यांना कंपवातानं गाठलं. उजवा हात मांडीवर ठेवला तरी नुकत्याच पकडलेल्या माशासारखा थडथडत राहायचा. त्यांची सही बँकेनं परत पाठवली, त्या दिवशी ते माझ्या वडिलांकडे आले.

माझे वडील, म्हणजे दादा, कचेरीच्या आवारात लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचे. माझं अक्षर त्यांच्यासारखंच होतं, आणि मॅट्रिकनंतर मी घरीच होते. सरांनी विचारलं, दादा हो म्हणाले. पहिल्या दिवशी मला घरातून निघताना एवढंच सांगितलं, "त्ये सांगतील त्येच लिहायचं. आपल्या मनचं काही घालायचं नाही. माणूस विश्वासानं बोलतो."

चौदा महिने मी तसंच केलं. सर डोळे मिटून आरामखुर्चीत बसायचे आणि बोलायचे. मध्येच थांबायचे, "तो 'मात्र' काढ" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात करण्याआधी मी आदल्या दिवशीचं सगळं वाचून दाखवायचं, असा शिरस्ता होता.

कादंबरी एका माणसाची होती. माधव त्याचं नाव. संन्यास घ्यायचा म्हणून तो तरुणपणी घर सोडतो, एकोणीस वर्षं भटकतो, हाती काही लागत नाही, आणि परत येतो. घरी बायको असते, गोदावरी. शेवटचं प्रकरण म्हणजे त्याचं घरी येणं. आदल्या दिवशी तिथंवर आलो तेव्हा पावणेबारा झाले होते आणि सर फार थकले होते. म्हणाले, "शेवट सोपा आहे. तूच लिहून आण. ती दार उघडते, पाया पडते, म्हणते, तुम्ही आलात, मला सगळं मिळालं. पाचसहा ओळींत बसव. उद्या वाचलंस की मी हात फिरवीन."

मी वही घरी आणली. दुपारी जेवण झाल्यावर पाचसहा ओळी लिहायला बसले. गोदावरी दाराशी आली. आणि पाया पडेना. मी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. मग लिहीत गेले ते चहाच्या वेळेपर्यंत. काय लिहिलं ते वाचून बघायचाही मला धीर झाला नाही.

आता ते मी सरांसमोर वाचत होते. त्यात गोदावरी पडवीत सूप घेऊन जोंधळे निवडत बसली होती. सुपावर सावली पडली म्हणून तिनं वर बघितलं. नवरा होता. ती म्हणाली, पाय धुवून घ्या. मग चुलीवरची भाकरी, वांग्याचं कोरड्यास आणि कांदा असं ताट तिनं त्याच्यापुढं ठेवलं. तो खाली मान घालून जेवला. ती समोर बसून त्याच्याकडे बघत राहिली, दुसऱ्याच्या घरी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी. तो हात धुवून उठला आणि काही बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "साडेचारची गाडी आहे. आत्ता निघालात तर मिळेल." तो गेला. ती ताट घेऊन मोरीवर गेली आणि राखेनं ते घासत बसली. ताट स्वच्छ झालं होतं तरी घासतच राहिली.

मी वही मिटली.

सरांनी डोळे उघडले नव्हते. स्वयंपाकघरात काकू काहीतरी निवडत होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाजही थांबला होता.

"हे मी सांगितलं?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मीच लिहिलं, सर."

"गोदावरी वकिलाची मुलगी आहे," ते म्हणाले. "तिच्या घरात चुलीवरची भाकरी कुठून आली? जोंधळे कोण निवडतं?"

उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

"तू आता घरी जा," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी चपला घालत होते तेव्हा सरांच्या पत्नी, अनसूयाकाकू, मागोमाग पायरीपर्यंत आल्या. पासष्टीच्या, बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या बाई. सरांच्या पहिल्या नऊ पुस्तकांच्या सुवाच्य प्रती त्यांनीच केल्या होत्या. पुढं डोळ्यांनी दगा दिला.

"उद्या ये," त्या म्हणाल्या.

"सर चिडलेत."

"चिडले असते तर तासभर बोलले असते. हे घाबरलेत." पदराला हात पुसत त्या जरा थांबल्या. "सदतीस वर्षं मी त्यांचं लिहून काढलं. एका शब्दाला हात लावला नाही. लावावासा वाटला नाही असं नाही हं, शालन."

घरी येऊन मी दादांना काही सांगितलं नाही. त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. एका माणसानं विश्वासानं स्वतःचं पुस्तक माझ्या हातात दिलं होतं, आणि मी त्यात माझंच घुसडलं होतं. उद्या मला नको म्हणाले तर कचेरीच्या आवारात ते कळायला दोन दिवसही लागले नसते. दादांना कोण काय म्हणेल याचा विचार करत मी ती दुपार काढली.

दुसऱ्या दिवशी सर खुर्चीत नीट बसून माझीच वाट बघत होते.

"ते पुन्हा वाच," म्हणाले.

मी वाचलं. या खेपेस त्यांनी डोळे उघडे ठेवले होते.

"एक सांग. हे तू पाहिलंस की रचलंस?"

"पाहिलं, सर."

"कुणाचं?"

मग मी सांगितलं. माझी आत्या, हौसा तिचं नाव. लग्नानंतर चार वर्षांनी नवरा तिला टाकून चिपळूणकडे गेला, तिकडे दुसरा संसार मांडला. आत्या माहेरी परत आली आणि आजोबांच्या मागं तिनंच ते घर, म्हैस आणि दीड एकर रान सांभाळलं. मी नऊ वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे होते. एका दुपारी तो माणूस अचानक आला. मी माळ्यावर आंब्याच्या अढीशी होते, फळ्यांच्या फटीतून मला सगळं दिसत होतं.

"ती हे असंच म्हणाली? गाडीचं?"

"हो."

"तुझ्या कानांनी ऐकलंस?"

"हो, सर."

सरांचा उजवा हात थडथडत होता, त्याच्यावर त्यांनी डावा हात ठेवला.

"शालन, हे फार चांगलं आहे," ते म्हणाले. "मला हे सुचलं नसतं. म्हणून काल मी तुला घरी पाठवलं. पण तू पाहिलंयस म्हणतेस, तर हे तुझंही नाही आणि माझंही नाही. ते तुझ्या आत्याचं आहे. तिला वाचून दाखव. ती ठेवा म्हणाली तर ठेवू. नको म्हणाली तर विषय संपला."

"तिला लिहितावाचता येत नाही, सर."

"म्हणून तर वाचून दाखवायचं."

गाव कराडपासून एस.टी.नं पाऊण तासावर होतं, कोयनेच्या काठाला. मी पोचले तेव्हा आत्या गोठ्यातलं शेण भरून नुकतीच अंगणात आली होती. त्या वेळी ती चाळिशीच्या आसपास असेल. उंच, काळीसावळी, कपाळ कोरं. मला बघून म्हणाली, "का गं, अवचित? दादा बरा हाय न्हवं?"

"बरे आहेत. मी तुलाच भेटायला आले."

चहा झाला. मी वही काढली आणि परत पिशवीत ठेवली. पुन्हा काढली. ती बघत होती.

"वाच की," ती म्हणाली. "वही काय चुलीत घालाय आणलीयास?"

मी तिला आधी सांगितलं की ही कादंबरीतली बाई आहे, गोदावरी म्हणून, खरी नाही. मग वाचलं. ती भिंतीला टेकून बसली होती. जोंधळ्याच्या सुपाशी आले तेव्हाच तिला कळलं असणार, कारण तिनं पदर ओढून घेतला आणि अंगणाकडे बघायला लागली. मी शेवटपर्यंत वाचलं.

आत्या म्हणाली, "असं झालं न्हवतं."

"म्हणजे?"

"गाडीचं मी न्हाई बोलले. त्योच बोलला. जेवता जेवता म्हनला, साडेचारची गाडी घावंल का. मी म्हनलं, घावंल."

"पण मी ऐकलंय, आत्या. मी वर होते."

"तू वर हुतीस खरी. पर तुला कवा ऐकू आलं आन् कवा न्हाई, कुनाला ठावं. त्यो आला कशाला हुता, सांगितलंय का तुला कुनी?"

"नाही."

"काडीमोडीच्या कागदावर अंगठा घ्याया आला हुता. तिकडल्या बाईचं पोट वाढलं हुतं, तिच्या बापानं हट्ट धरला. कागद खिशात, शाईची डबी बी संगट. भाकरी खाल्ली, हात धुतला, माझा अंगठा उठवून घेतला आन् गेला. मी एक सबूद बोलले न्हाई."

"पण तू नंतर मोरीवर बसून ताट घासत होतीस. राखेनं. कितीतरी वेळ. ते मी बघितलंय, ते तरी खोटं नाही."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. "ताट न्हवते घाशीत," ती म्हणाली. "अंगठा घाशीत हुते. शाई जाईना."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. सरांना मी छातीठोकपणे सांगून आले होते, माझ्या कानांनी ऐकलं म्हणून. आणि इथं या बाईच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दुपारवर मी माझ्या मनचं काहीतरी बसवलं होतं, वर तिच्याच समोर बसून ते तिला ऐकवलं होतं. मी वहीतली पानं धरली.

"काय करतीस?"

"फाडून टाकते. चुकलं माझं."

"फाडतीस कशापायी?" तिनं माझा हात धरला. "थांब जरा. मला बोलू दे."

पण ती उठली, रांजणातून तांब्याभर पाणी काढून प्यायली, परत येऊन बसली.

"बारा वर्सं झाली त्याला," ती म्हणाली. "रोज म्हशीखाली बसले की मला एक नवं बोलनं सुचतं. त्याला त्या दिशी काय म्हनाया पायजे हुतं त्ये. कवा शिव्या सुचत्यात. कवा वाटतं, म्हनावं, माझ्यात काय कमी हुतं त्ये सांगून जा. कवा वाटतं, त्यो कागद चुलीत घालाया पायजे हुता. लई सुचलं गं. पर ह्ये न्हाई कधी सुचलं. साडेचारची गाडी हाय, निघालात तर मिळंल." तिनं ते वाक्य सावकाश, एकेक शब्द तोलून म्हटलं. "ह्ये ब्येस हाय. ह्यात रडनं न्हाई, का भांडान न्हाई. आन् मानूस भाईर पडतंय."

फाडायला धरलेली पानं मी सोडली.

"तिथनं परत वाच," ती म्हणाली. "ती गाडीचं म्हनती तिथनं."

मी वाचलं. मग तिच्या सांगण्यावरून आणखी एकदा वाचलं. तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटून घेतले होते आणि चेहरा असा झाला होता, जसा दिवसभर रानात काम करून आल्यावर गरम पाण्यात पाय सोडल्यावर होतो.

"ठेव त्ये," म्हणाली. "फकस्त ताटाचं तसंच ठेव. अंगठ्याचं लिहू नगंस. त्ये माझं हाय."

कराडला परत आल्यावर मी आधी सरांकडे गेले. दुपारचे दोन वाजले असतील. काकूंनी दार उघडलं आणि त्या आत न जाता तिथंच उंबऱ्यात बसल्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "सर, मी तुम्हाला खोटं सांगितलं. मी ते ऐकलं नव्हतं. आत्या असं काही बोललीच नव्हती."

अंगठ्याचं सोडून बाकीचं सगळं मी सांगितलं. म्हशीखाली बसून तिला रोज काय सुचतं तेही सांगितलं. सरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी ते हसले. त्या आजारात त्यांचा चेहरा हसायचं विसरला होता, म्हणून ते हसणं ओठांच्या एका कोपऱ्यातच राहिलं.

"म्हणजे रचलंस," ते म्हणाले.

"मला माहीत नव्हतं, सर."

"माहीत नसतंच. बैस."

मी बसले. त्यांनी वही मागितली. मांडीवर घेऊन ती अडीच पानं फाडायचा प्रयत्न केला, पण हात ऐकेना. पान वेडंवाकडं फाटायला लागलं तेव्हा त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "तू फाड. नीट, शिवणीपासून."

मला वाटलं, संपलं. मी पानं काढली.

"आता ती तुझ्या पिशवीत ठेव," सर म्हणाले. "माझी गोदावरी हे बोलणार नाही. तीनशे पानं मी तिला नमतं घ्यायला शिकवलंय. आता शेवटच्या पानावर तिच्या तोंडी हे घातलं, तर लोक वाहवा करतील, पण मला कळेल की ती दुसरीच बाई आहे. तू या बाईला तिचं घर दे. जोंधळे दे, म्हैस दे. तिचं नाव काय ते तू ठरव. आधीची चार पानं लागतील, ती लिही. पाहिलेलं थोडं, न पाहिलेलं जास्त, असं झालं तरी भिऊ नकोस. झालं की मला वाचून दाखव. तेव्हा मी सांगणारा नाही, नुसता ऐकणारा."

मी पानं पिशवीत ठेवली.

"आता माझं घे लिहून. कोरं पान काढ." त्यांनी डोळे मिटले. "गोदावरी दार उघडते."

मी लिहिलं.

सर थांबले. उंबऱ्यात बसलेल्या काकूंकडे त्यांनी डोळे मिटूनच मान वळवली.

"पाया पडत नाही," ते म्हणाले. "नुसती बाजूला होते. तो आत येतो. बस. पूर्णविराम दे."

काकू उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

माझी गोष्ट पुढच्या वर्षी एका मासिकात छापून आली. पाकिटावरचा पत्ता सरांनी हट्टानं स्वतःच्या हातानं लिहिला होता. त्याला पंधरावीस मिनिटं लागली, आणि ते अक्षर पोस्टाला कसं लागलं याचं मला आजही नवल वाटतं. कादंबरीही निघाली. काही जणांना तिचा शेवट तोकडा वाटला. सर त्यानंतर दोन वर्षांनी गेले.

मला आता सहासष्ट पुरी झाली. नऊ पुस्तकं लिहिली. कुठं बोलायला उभी राहिले की लोक विचारतात, लिहायला कुणी शिकवलं. मी सरांचं नाव घेते, पण खरं काय ते चारचौघांत धड सांगता येत नाही. त्या दिवशी ती पानं त्यांनी केरात टाकली असती तर मी मुकाट्यानं घरी गेले असते आणि परत कधी आपलं म्हणून एक ओळ लिहिली नसती. आणि स्वतःच्या कादंबरीत ठेवून घेतली असती, तर कुणालाही कळलं नसतं. मलाही त्यात धन्यताच वाटली असती. म्हाताऱ्या, आजारी लेखकाच्या शेवटच्या पुस्तकाला आयता शेवट मिळत होता. त्यांनी तो शिवणीपासून नीट काढायला लावून माझ्या पिशवीत घातला. हे मला तेव्हा कळलं नाही. स्वतः पन्नाशीला येऊन, सुचेनासं झालेल्या दिवसांत कळलं.

हौसाआत्या ब्याऐंशी वर्षांची होऊन गेली. ती असेपर्यंत अंगठ्याचं मी कुठं लिहिलं नाही. तिच्या शेवटच्या वर्षांत एकदा मी गावी गेले होते. पडवीत शेंगा फोडायला आळीतल्या सातआठ बायका बसल्या होत्या, त्यात एक नवीन लग्न झालेली सूनही होती. तिला आत्या तिची गोष्ट सांगत होती. मी दाराशी होते, मला बघूनही ती थांबली नाही.

"जेवान झालं. हात धुतला. आता काय बोलतंय म्हनून बघितलं, तर तोंड उघडाय लागला. म्हनलं, काय बोलू नगा. साडेचारची गाडी हाय, आत्ता निघालात तर मिळंल. आन् फडक्यात दोन भाकरी बांधून दिल्या. म्हनलं, वाटंला भूक लागंल. पांदीतनं वळूस्तवर बघितलं. एकदा बी मागं बघायची छाती झाली न्हाई त्याची."

बायका हसल्या. नव्या सुनेनं शेंगा फोडायच्या थांबवल्या होत्या.

त्या गेल्यावर मी आत्याजवळ बसले. "आत्या, भाकरी बांधून दिल्याचं माझ्या गोष्टीत नव्हतं."

"न्हवतंच," ती म्हणाली. "त्ये मी घातलं." पदरातली फोलं झटकून तिनं सूप माझ्याकडे सरकवलं. "गोष्ट काय तुझ्या एकटीची हाय व्हय?"